विथच्या आत काढलेली रेघ जाते कुठे?

विषयाला हात घालण्याआधी खालच्या तीन ओळी नीट पाहा.

विथ सेल्फ.कॅनव्हास:
    कलर(१, ०, ०)
    लाइन(पॉइंट्स=[१००, १००, ३००, १००])

(छपाईच्या सोयीसाठी कोड देवनागरीत दिला आहे. संगणकावर टंकताना अर्थातच इंग्रजी अक्षरं वापरायची. गंमत म्हणजे पायथॉन ३ मध्ये व्हेरिएबल, फंक्शन आणि क्लासची नावं देवनागरीत दिली तरी चालतात. भाषेचे राखीव शब्द आणि कोडमधले आकडे मात्र इंग्रजीतच लागतात.)

पायथॉनमध्ये खिडक्या, बटणं आणि चित्रं करण्यासाठी किवी नावाची एक लायब्ररी आहे. तिची पहिली आवृत्ती २०११ साली आली. किवी शिकणाऱ्या प्रत्येकाला या तीन ओळी पहिल्या दोन-चार दिवसांतच भेटतात. चालवून पाहिलं की पडद्यावर लाल आडवी रेघ येते. आपण खूश होतो आणि पुढे जातो.

पण जरा थांबा. ही रेघ आली कशी? आपण लाइनचं एक ऑब्जेक्ट तयार केलं. ते कुठल्या व्हेरिएबलमध्ये ठेवलं नाही. कुणाला पाठवलं नाही. 'आता काढ' असंही कुणाला सांगितलं नाही. पायथॉनच्या नेहमीच्या नियमाने पाहिलं तर ज्या ऑब्जेक्टला कुणी धरून ठेवत नाही ते लगेच नष्ट व्हायला हवं. तरीही रेघ दिसते, आणि नुसती दिसत नाही तर खिडकी लहानमोठी केली, झाकली, पुन्हा उघडली तरी जागेवर असते!

ज्यांनी टर्बो सीमध्ये ग्राफिक्सची प्रॅक्टिकल्स केली आहेत त्यांना हे जास्तच खटकेल. तिथे लाइन हे फंक्शन होतं. ते बोलावलं की त्याच क्षणी पडद्यावरचे ठिपके रंगायचे आणि फंक्शनचं काम संपायचं. इथे तसं नाही. इथला सगळा खेळ त्या पहिल्या ओळीत, म्हणजे 'विथ' या छोट्याशा शब्दात आहे. हे विथ नेमकं काय करतं, आणि तितकंच महत्त्वाचं म्हणजे काय करत नाही, ते या लेखात पाहू. कारण मिनी प्रोजेक्टच्या डेमोला पडदा गोठण्याची, काटा भलत्या दिशेला फिरण्याची आणि बटण दिसूनही न दाबलं जाण्याची कारणं बऱ्याचदा इथेच सापडतात.

विथ म्हणजे काय?

घरातून बाहेर पडताना आई विचारते, "गॅस बंद केलास का? नळ? दिवा?" उघडलेली गोष्ट बंद करायची राहते, हा माणसाचा जुना रोग आहे आणि प्रोग्रामरसुद्धा माणूसच. फाइल उघडली की बंद करायची, कुलूप घेतलं की सोडायचं, टर्बो सीमध्ये इनिटग्राफ केलं की शेवटी क्लोजग्राफ करायचं. सरळ वाटेने प्रोग्राम गेला तर हे लक्षात राहतं. पण मध्येच चूक होऊन फंक्शन अर्ध्यात सुटलं तर शेवटची ओळ गाठलीच जात नाही आणि नळ वाहत राहतो.

यावर पायथॉनने काढलेला उपाय म्हणजे विथ. गुइडो व्हॅन रॉसम यांनी २००५ साली त्याच्या प्रस्तावावर काम केलं. पेप ३४३ या क्रमांकाने तो प्रस्ताव ओळखला जातो. २००६ साली आलेल्या पायथॉन २.५ मध्ये ही सोय प्रथम मिळाली, पण ती मुद्दाम चालू करून घ्यावी लागे. २००८ च्या २.६ पासून ती सरसकट सगळ्यांना मिळाली.

कल्पना अगदी सोपी आहे. ज्या ऑब्जेक्टला विथसोबत वापरायचं त्याच्याकडे दोन मेथड हव्यात: __एंटर__ आणि __एक्झिट__. अशा ऑब्जेक्टला कॉन्टेक्स्ट मॅनेजर म्हणतात. ब्लॉकमध्ये शिरताना पायथॉन __एंटर__ बोलावतो. ब्लॉकमधून बाहेर पडताना __एक्झिट__ बोलावतो, आणि 'बाहेर पडताना' याचा अर्थ कसंही बाहेर पडताना. ओळी संपल्या म्हणून, रिटर्न आलं म्हणून, ब्रेक आलं म्हणून किंवा एक्सेप्शन फुटलं म्हणून. चारही दारांवर तोच वॉचमन उभा आहे असं समजा. एक्सेप्शन असेल तर त्याची माहितीही __एक्झिट__ला तीन आर्ग्युमेंटच्या रूपाने मिळते. त्याने उत्तरादाखल ट्रू परत केलं तर एक्सेप्शन तिथेच गिळलं जातं, नाहीतर ते पुढे जातं.

बस्स, विथ एवढंच आहे. आत जाताना काय करायचं आणि बाहेर येताना काय करायचं हे विथ ठरवत नाही, ते ऑब्जेक्ट ठरवतं. फाइलच्या बाबतीत बाहेर येताना फाइल बंद होते. म्हणून आपल्या डोक्यात 'विथ म्हणजे शेवटी बंद करणं' असं पक्कं बसतं. आणि किवीचा कॅनव्हास समोर आला की हीच समजूत आपल्याला गोत्यात आणते. कारण कॅनव्हासमध्ये शेवटी काहीच बंद होत नाही!

टेबलावरची वही

किवीमध्ये प्रत्येक विजेटला, म्हणजे बटण, लेबल, किंवा आपण बनवलेल्या कुठल्याही घटकाला, स्वतःचा एक कॅनव्हास असतो. नावावरून तो चित्रकाराचा कापडी फलक वाटतो, पण तसा तो नाही. तो एक यादी आहे. 'लाल रंग घे', 'इथून तिथे रेघ मार', 'तीस अंश फिरव' अशा सूचनांची क्रमवार यादी. मी तिला वही म्हणतो. पडदा नव्याने रंगवायची वेळ आली की किवी ही वही पहिल्या ओळीपासून वाचतो आणि ओपनजीएलकरवी चित्र काढून घेतो. म्हणजे आपण चित्र काढत नाही, चित्राची कृती लिहून ठेवतो. पोहे करणं वेगळं आणि पोह्यांची कृती लिहिणं वेगळं, तसंच.

आता विथ सेल्फ.कॅनव्हास म्हटल्यावर काय होतं ते पाहा. किवीच्या आत 'सध्या टेबलावर कुठली वही उघडी आहे' हे सांगणारं एक ग्लोबल व्हेरिएबल असतं. कॅनव्हासचं __एंटर__ आधीची वही एका चळतीत ठेवतं आणि स्वतःला टेबलावर मांडतं. मेसमधली ताटांची चळत आठवा: शेवटी ठेवलेलं ताट पहिलं निघतं. त्यालाच आपण डेटा स्ट्रक्चर्समध्ये स्टॅक म्हणतो. __एक्झिट__ चळतीवरची वरची वही काढून पुन्हा टेबलावर ठेवतं.

दुसरा अर्धा भाग सूचनांच्या बाजूला आहे. कलर, लाइन, रेक्टँगल, एलिप्स हे सगळे क्लास जन्माला येतानाच, म्हणजे __इनिट__मध्येच, विचारतात, "टेबलावर वही आहे का?" असेल तर त्या वहीत आपलं नाव लिहून मोकळे होतात. आपल्या लाल रेघेचं रहस्य हेच. तिला आपण धरून ठेवलं नाही, पण वहीने धरून ठेवलं.

हे सगळं इतकं छोटं आहे की आपल्याला ते स्वतः लिहून पाहता येतं. किवी नसलेल्या साध्या पायथॉनमध्येसुद्धा.

चळत = []

क्लास वही:
    डेफ __इनिट__(सेल्फ):
        सेल्फ.यादी = []
    डेफ __एंटर__(सेल्फ):
        चळत.अपेंड(सेल्फ)
        रिटर्न सेल्फ
    डेफ __एक्झिट__(सेल्फ, प्रकार, चूक, माग):
        चळत.पॉप()

क्लास रेघ:
    डेफ __इनिट__(सेल्फ, *बिंदू):
        सेल्फ.बिंदू = बिंदू
        इफ चळत:
            चळत[-१].यादी.अपेंड(सेल्फ)

एक वही बनवा, विथ लावून तिच्या आत दोन रेघा तयार करा आणि मग यादीची लांबी छापा. उत्तर २ येईल. विथच्या बाहेर तिसरी रेघ तयार करा. यादीची लांबी २ च राहील आणि कुठलीही चूक दाखवली जाणार नाही. पहिला धडा इथेच मिळतो: विथच्या बाहेर तयार केलेली सूचना किवीमध्ये कुणाच्याच वहीत जात नाही. ती दिसत नाही आणि तक्रारही करत नाही. 'कोड बरोबर आहे, पण काहीच दिसत नाही' असं कुणी म्हणालं तर आधी डावीकडचं इंडेंटेशन बघावं.

दुसरी गोष्ट. वही ग्लोबल असल्यामुळे विथच्या आतून एखादं फंक्शन बोलावलं तर त्या फंक्शनमधल्या रेघाही त्याच वहीत जातात. व्होल्टमीटरच्या तबकडीवरच्या खुणा काढणारं फंक्शन वेगळं लिहावं, त्याला कॅनव्हास पाठवूही नये, आणि विथच्या आतून बोलावून घ्यावं. मोठा कोड नीट विभागायला हे फार सोयीचं पडतं.

आता व्होल्टमीटरच घेऊ. पडद्यावर गोल तबकडी, खुणा, आणि सेन्सरकडून आलेल्या आकड्यानुसार फिरणारा काटा. दरवर्षी कुठल्या ना कुठल्या गटाचा असा प्रोजेक्ट असतोच. याच उदाहरणावर नेहमीचे खड्डे दाखवतो.

खड्डा पहिला: वही फुगते

काटा हलायला हवा, म्हणून बरेच जण सेकंदाला ६० वेळा चालणारं एक अपडेट फंक्शन लिहितात आणि त्यात विथ सेल्फ.कॅनव्हास करून नवा रंग आणि नवी रेघ टाकतात. पहिली काही सेकंदं जुने काटे मागे राहिलेले दिसतात. मग कुणीतरी आधी तबकडीच्या रंगाचं वर्तुळ काढून त्यांवर पांघरूण घालतं. पडदा छान दिसू लागतो. पण वही?

हिशोब करा. वर्तुळ सोडून देऊ, फक्त रंग आणि रेघ अशा दोनच सूचना धरू. सेकंदाला ६० फेऱ्या, म्हणजे १२० सूचना. दहा मिनिटांत ७२,०००. आणि या सगळ्या सूचना किवी पडदा रंगवताना प्रत्येक वेळी पहिल्यापासून वाचतो, कारण झाकलेला काटा यादीतून गेलेला नसतो. घरी दोन मिनिटं चालवून पाहिलेला प्रोग्राम परीक्षकांसमोर अर्धा तास चालू राहिला की धापा टाकू लागतो, त्याचं कारण हे. दोष लॅपटॉपचा नसतो. आपण विथला फाइलसारखं समजलो, 'ब्लॉक संपला, काम संपलं' असं मानलं. प्रत्यक्षात ब्लॉक संपला तेव्हा फक्त वही मिटली, लिहिलेलं तसंच राहिलं.

यावर सुचणारा उपाय म्हणजे प्रत्येक फेरीत आधी सेल्फ.कॅनव्हास.क्लिअर() करणं. वही फुगत नाही हे खरं. पण आत ठेवलेल्या लहान विजेटांचे कॅनव्हासही आईबापाच्या याच वहीत नोंदलेले असतात. क्लिअर केलं की त्यांच्या नोंदीही जातात आणि तबकडीखालचं लेबल अचानक गायब होतं.

खरा उपाय वेगळा आहे. सूचना एकदाच लिहायची, तिला नाव देऊन ठेवायचं आणि पुढे फक्त तिच्यातला आकडा बदलायचा.

विथ सेल्फ.कॅनव्हास:
    कलर(१, ०, ०)
    सेल्फ.काटा = लाइन(पॉइंट्स=[...], विड्थ=२)

हे __इनिट__मध्ये. आणि अपडेटमध्ये फक्त सेल्फ.काटा.पॉइंट्स = नवे बिंदू. विथ नाही, क्लिअर नाही. आकडा बदलला की किवीला आपोआप कळतं आणि पुढच्या फेरीत पडदा नव्याने रंगतो. वहीत सूचना दोनच, मग प्रोग्राम दहा मिनिटं चालो की दहा तास.

खड्डा दुसरा: चौकट कोपऱ्यात बसते

तबकडीमागे पार्श्वभूमी म्हणून विथमध्ये रेक्टँगल(पॉस=सेल्फ.पॉस, साइझ=सेल्फ.साइझ) लिहिलं आणि डावीकडे खालच्या कोपऱ्यात एक छोटा चौकोन उमटला, हा अनुभव बहुतेकांचा असतो. कारण सोपं आहे. __इनिट__ चालू असताना विजेटची अजून मांडणीच झालेली नसते. त्या क्षणी त्याची जागा (०, ०) आणि आकार (१००, १००) असतो. तेच आकडे वहीत लिहिले गेले. नंतर विजेट मोठं झालं, पण वहीतला आकडा आपोआप बदलत नाही. म्हणून पॉस आणि साइझ या गुणधर्मांना बाइंड लावून, बदल झाला की रेक्टँगलचे आकडे बदलणारं छोटं फंक्शन द्यावं लागतं. किवीच्या केव्ही भाषेत लिहिलं तर हे बाइंडिंग तीच करून देते.

जाता जाता: पार्श्वभूमी कॅनव्हास.बिफोरमध्ये टाकावी. प्रत्येक कॅनव्हासचे तीन भाग असतात आणि ते बिफोर, मधला, आफ्टर या क्रमाने वाचले जातात. आतल्या विजेटांच्या नोंदी मधल्या भागात असतात. म्हणून बिफोरमधलं चित्र त्यांच्या मागे राहतं आणि आफ्टरमधलं त्यांच्यावर येतं. विथ तिघांवरही चालतं.

खड्डा तिसरा: फिरवलेलं परत फिरत नाही

काट्याचे नवे बिंदू साइन-कोसाइनने काढण्याऐवजी काटा सरळ काढून रोटेट सूचनेने फिरवणं जास्त सोपं. पण इथे सूचनांचे दोन प्रकार लक्षात घ्यावे लागतात. लाइन, रेक्टँगल, एलिप्स या सूचना आकार काढतात. कलर, रोटेट, ट्रान्सलेट या सूचना स्वतः काही काढत नाहीत, त्या पुढच्या सगळ्या आकारांची परिस्थिती बदलतात. कलर पुढचा कलर येईपर्यंत टिकतो. रोटेट त्यापुढचं सगळंच फिरवतो.

"पण विथचा ब्लॉक संपल्यावर ते पूर्ववत होईल ना?" नाही! हीच ती दुसरी चुकीची समजूत. विथ सेल्फ.कॅनव्हासने फक्त कुठल्या वहीत लिहायचं ते ठरवलं. वहीत 'फिरव' असं लिहिलं आणि 'पूर्ववत कर' असं लिहिलं नाही, तर वाचणारा पुढचं सगळं फिरवूनच काढणार. म्हणून रोटेटच्या आधी पुशमॅट्रिक्स() आणि काटा काढून झाल्यावर पॉपमॅट्रिक्स() या सूचना हाताने लिहाव्या लागतात. काट्यासोबत खालचं लेबल पण गोल फिरू लागलं तर पॉपमॅट्रिक्स राहिलं आहे असं खुशाल समजावं.

याच ठिकाणी आणखी एक बारीक गोष्ट आहे. समजा पुशमॅट्रिक्स आणि रोटेट लिहून झालं आणि त्यानंतरच्या ओळीत सेन्सरचा आकडा रिकामा निघाल्याने एक्सेप्शन आलं. कॅनव्हासचं __एक्झिट__ आपलं काम चोख करतं, वही टेबलावरून उचलतं आणि एक्सेप्शन पुढे जाऊ देतं. पण आधी लिहिलेल्या दोन ओळी ते खोडत नाही. डेटाबेसच्या ट्रँझॅक्शनसारखं 'सगळं किंवा काहीच नाही' असं इथे नसतं. ते एक्सेप्शन कुणी वर पकडून प्रोग्राम चालू ठेवला, तर वहीत एक उघडा कंस कायमचा राहतो.

मग कंसच पायथॉनकडून बंद करून घेऊ ना! विथ आपल्यालाही वापरता येतं. कॉन्टेक्स्टलिब मॉड्यूलमधला कॉन्टेक्स्टमॅनेजर हा डेकोरेटर घेतला की पूर्ण क्लास लिहायचीही गरज नाही. यील्डच्या आधीचा भाग __एंटर__ होतो, नंतरचा भाग __एक्झिट__.

@कॉन्टेक्स्टमॅनेजर
डेफ फिरवून(कोन, केंद्र):
    पुशमॅट्रिक्स()
    ट्राय:
        यील्ड रोटेट(अँगल=कोन, ओरिजिन=केंद्र)
    फायनली:
        पॉपमॅट्रिक्स()

आणि वापरताना:

विथ सेल्फ.कॅनव्हास, फिरवून(०, सेल्फ.सेंटर) ॲज सेल्फ.फिरकी:
    कलर(१, ०, ०)
    लाइन(पॉइंट्स=[...], विड्थ=२)

आता अपडेटमध्ये फक्त सेल्फ.फिरकी.अँगल = -कोन. उणे चिन्ह अशासाठी की किवीत कोन घड्याळाच्या उलट दिशेने वाढतो आणि आपल्या मीटरचा काटा घड्याळाच्या दिशेने जातो. फिरण्याचं केंद्रही, दुसऱ्या खड्ड्यात पाहिलं तसं, विजेटची जागा बदलली की फिरकीच्या ओरिजिनमध्ये नव्याने भरावं लागतं.

एका विथमध्ये स्वल्पविराम देऊन दोन मॅनेजर लिहिले तर ते डावीकडून उजवीकडे आत शिरतात आणि उलट क्रमाने बाहेर पडतात. इथे हा क्रम जीव की प्राण आहे. आधी वही टेबलावर येते, मग पुशमॅट्रिक्स तिच्यात लिहिलं जातं. बाहेर पडताना आधी पॉपमॅट्रिक्स लिहिलं जातं, मग वही उचलली जाते. क्रम उलटा लिहिलात तर पुश आणि पॉप दोन्ही वेळी टेबल रिकामं असेल, त्या सूचना हवेत विरतील आणि चूक म्हणून काहीच दिसणार नाही. वरच्या आपल्या पंधरा ओळींच्या खेळण्यातही हा प्रयोग करता येतो, करून बघाच.

खड्डा चौथा: न दाबलं जाणारं बटण

विथच्या आत सूचनांऐवजी अख्खं विजेटच तयार केलं तर? बटण जन्मताना स्वतःचा कॅनव्हास तयार करतं, आणि कॅनव्हास हीसुद्धा एक सूचनाच असल्याने ती टेबलावरच्या वहीत नोंदली जाते. म्हणून बटण पडद्यावर दिसतं. पण ॲड_विजेट केलेलं नसल्याने विजेटांच्या झाडात त्याचं नाव नसतं आणि स्पर्श त्याच्यापर्यंत पोचतच नाही. दाबा दाबा, ढिम्म हलत नाही! नियम एकच: विथच्या आत सूचना, विजेटांसाठी ॲड_विजेट.

आणि सेन्सर वाचण्यासाठी वेगळी थ्रेड केली असेल तर त्या थ्रेडमधून कॅनव्हासला हात लावू नका. टेबल एकच आहे. दोघांनी एकाच वेळी वह्या मांडल्या तर कुणाचं लिखाण कुठे जाईल याचा भरवसा नाही. चित्राचं काम मुख्य थ्रेडनेच करायचं, असा किवीचा नियम आहे. थ्रेडने फक्त आकडा आणावा आणि क्लॉक.शेड्यूल_वन्सकडून मुख्य थ्रेडला निरोप द्यावा.

क्यूटीमध्ये तेच विथ, अर्थ वेगळा

आता क्यूटीकडे वळू, म्हणजे फरक लक्षात येईल. क्यूटीच्या विजेटमध्ये वही नसते. पडद्याचा भाग नव्याने रंगवायचा असला की क्यूटी आपलं पेंटइव्हेंट हे फंक्शन बोलावतं आणि आपण तिथे सगळं चित्र दर वेळी पहिल्यापासून काढायचं. काढणारा असतो क्यूपेंटर. तो एका वेळी एका पृष्ठभागाचा ताबा घेतो, आणि काम झाल्यावर एंड() करून तो ताबा सोडावा लागतो. एका पृष्ठभागावर एका वेळी एकच पेंटर चालतो.

सी प्लस प्लसमध्ये हे विसरलं तरी बिघडत नाही. महिरपी कंस बंद झाला की डिस्ट्रक्टर चालतो आणि तोच एंड करतो. पायथॉनमध्ये ऑब्जेक्ट नेमकं कधी नष्ट होईल ते इतकं पक्कं नसतं. पेंटइव्हेंटमध्ये मध्येच एक्सेप्शन आलं तर त्याचा ट्रेसबॅक ते फंक्शन आणि त्यातली सगळी व्हेरिएबल्स धरून बसू शकतो, पेंटरसुद्धा! पेंटर जिवंत, पृष्ठभाग अडकलेला, आणि कन्सोलवर 'एंडपेंट कॉल्ड विथ ॲक्टिव्ह पेंटर' अशा ओळी. मूळ चूक एखाद्या शून्याने भागण्याची असते, पण गोंधळ पेंटरचा दिसतो.

पायसाइड ६ च्या नव्या आवृत्त्यांत म्हणूनच क्यूपेंटरला कॉन्टेक्स्ट मॅनेजर केलं आहे.

विथ क्यूपेंटर(सेल्फ) ॲज पी:
    पी.ड्रॉलाइन(१००, १००, ३००, १००)

इथलं __एक्झिट__ खरोखर नळ बंद करतं, फाइलसारखंच. आणि हा ब्लॉक प्रत्येक पेंटइव्हेंटमध्ये चालणं हेच योग्य. किवीत तोच ब्लॉक प्रत्येक फेरीत चालवणं हा पहिला खड्डा होता, आठवतंय ना? दिसायला जुळी भावंडं, स्वभाव अगदी उलटे. एका लायब्ररीची सवय दुसऱ्या लायब्ररीत नेली की फसगत होते ती अशी.

तिसरी जातही आहे. ड्रॉबॉट नावाचा मॅकवर चालणारा एक चित्र-प्रोग्राम आहे. त्याचा पाया जस्ट व्हॅन रॉसम यांनी घातला. हे पायथॉनकर्त्या गुइडोंचे सख्खे धाकटे भाऊ! त्यात विथ सेव्ह्डस्टेट(): असं लिहिलं की ब्लॉकच्या आत रंग बदला, सरकवा, फिरवा, बाहेर पडताना सगळी परिस्थिती पूर्ववत होते. प्रोसेसिंगच्या पायथॉन मोडमध्येही विथ पुशमॅट्रिक्स(): असं लिहिता येतं आणि पॉप आपोआप होतं. आपण किवीसाठी 'फिरवून' लिहिलं ते याच जातीचं. क्यूटीतही पी.सेव्ह() आणि पी.रिस्टोअर() यांच्या भोवती यील्ड घालून असाच चार ओळींचा मॅनेजर बनवता येतो.

दोन प्रश्न

म्हणजे चित्रांच्या दुनियेत विथच्या तीन जाती झाल्या. पहिली सांगते, कुठल्या वहीत लिहायचं. दुसरी घेतलेला ताबा सोडते. तिसरी बदललेली परिस्थिती पूर्ववत करते. तिघींचं व्याकरण एकच, कारण विथ फक्त एवढंच वचन देतं की आत शिरलेला माणूस कुठल्याही दाराने बाहेर पडला तरी __एक्झिट__ चालेल. त्या __एक्झिट__मध्ये काय लिहिलं आहे ते वचनाच्या बाहेरचं.

म्हणून कुठल्याही नव्या लायब्ररीत विथ दिसलं की मी दोन प्रश्न विचारतो आणि तुम्हीही विचारावेत असं मला वाटतं. आत शिरताना नेमकं काय बदललं? आणि बाहेर पडताना त्यातलं काय परत आलं, काय मागे राहिलं? किवीच्या कॅनव्हासपुरतं उत्तर पाठ करून ठेवा: बाहेर पडताना टेबलावरची वही परत येते, लिहिलेलं सगळं मागे राहतं.

व्हायवाला "विथ का वापरलं?" असं विचारल्यावर "ट्युटोरियलमध्ये तसंच होतं" हे उत्तर देणारे दरवर्षी भेटतात. ती पंधरा ओळींची वही एकदा स्वतःच्या हाताने टंकून पाहा. वीस मिनिटांचं काम आहे. त्यानंतर हे उत्तर द्यायची वेळ तुमच्यावर येणार नाही, आणि डेमोच्या दिवशी काटा अकराव्या मिनिटालाही पहिल्या मिनिटासारखाच फिरेल!